टोकियोतला ओमाकासे सुशी काउंटर: आठ खुर्च्या, वीस घास आणि एक काटेरी मासा

रापण
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज पोरं लवकर झोपली म्हणून बसले. लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून नोव्हेंबरमध्ये मी आणि नवरा गिन्झातल्या एका ओमाकासे, म्हणजे काय वाढायचं ते शेफवर सोपवायचं, अशा सुशी काउंटरवर जेवून आलो. सहा वर्षं टोकियोतच निशिकासाईला राहतोय, सुशी काही नवीन नाही, फिरत्या पट्ट्यावरची सुशी तर पोरांना घेऊन महिन्यातून दोनदा होतेच, पण हे प्रकरण वेगळं असतं असं ऐकून होते. जाऊन आले आणि माशाबद्दल लहानपणापासून जे पक्कं वाटायचं ते हललं, म्हणून हा धागा.

आधी मी कुठली ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. माहेर मालवण. रापण ओढली की किनाऱ्यावर जाऊन टोपलीत मासे घ्यायचे आणि तासाभरात तव्यावर, हे बघत वाढलेय. आमच्याकडे मासा म्हणजे ताजा, विषय संपला. कल्ले लाल हवेत, डोळा चकचकीत हवा, बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून यायला हवा. आई अजून बर्फातला मासा हातात घेते, बघते आणि परत ठेवते. त्यामुळे मला वाटायचं की माणशी ३५,००० येन घेतात (आपले साधारण वीस हजार झाले, आणि पिणं वेगळं) म्हणजे जगातला सगळ्यात ताजा मासा देत असणार.

दुकान एका बिल्डिंगच्या तळघरात. बाहेर छोटीशी पाटी आणि पांढरा पडदा, त्याला नोरेन म्हणतात. आत आठ खुर्च्या आणि एका सलग फळीचा काउंटर, हिनोकी नावाच्या लाकडाचा, वर पॉलिश वगैरे काही नाही, नुसतं रंधा मारलेलं गुळगुळीत लाकूड आणि त्याचा अगदी मंद वास. मी बसल्याबसल्या अंगठी आणि घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं कारण ओरखडा पडेल अशी भीती वाटली, नंतर कळलं की तसंच करायचं असतं. मेनू नाही. शेफने दोनच गोष्टी विचारल्या, काय चालत नाही आणि काय पिणार. बास, पुढचे दोन तास सगळं त्यांच्या हातात.

सुरुवातीला चार-पाच छोटे पदार्थ आले, त्यातला सावारा सांगते कारण सावारा म्हणजे आपल्या सुरमईचीच जवळची बहीण. पेटत्या पेंढ्यावर धरून फक्त कातडी भाजलेली, आत कच्चा. पेंढ्याच्या धुराचा वास आला आणि मला एकदम आमच्या मागच्या अंगणातली चूल आठवली. डोळ्यात पाणी आलं, खरंच आलं.

मग निगिरी सुरू, म्हणजे हाताने वळलेल्या भाताच्या घासावर माशाचा तुकडा. पहिला हिरामे, चपटा मासा, आपल्याकडच्या लेपीच्या वळणाचा. मी सवयीप्रमाणे विचारलं, आज सकाळचा का? शेफ म्हणाले, नाही, चार दिवस झाले. मी नवऱ्याकडे बघितलं. चार दिवस! आई असती तर उठून गेली असती. आणि तोंडात घातला तर आधी काहीच नाही आणि मग चावता चावता एक गोडसर दाट चव येत राहिली, गिळल्यावरही राहिली. शेफनी सांगितलं की पहिल्या दिवशी हा मासा नुसता कडक आणि रबरासारखा लागतो, चव नंतर येते. रोज बघायचं, कागद बदलायचा, कुठल्या दिवशी वाढायचा ते ठरवायचं. म्हणजे ताजेपणा ही सुरुवात आहे आणि त्यानंतर खरं काम आहे. त्या कामाला ते शिगोतो म्हणतात, शब्दशः 'काम'च.

आता ज्याच्यासाठी हा धागा लिहिला तो मासा, कोहादा. आपल्या तारली-पेडव्यांच्या गोतातला, चंदेरी, अंगावर काळे ठिपके, काटे बारीक बारीक खूप. टूनाच्या पुढे याची किंमत काहीच नाही. माझ्यासमोर ताटलीत ठेवला आणि दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे ती निगिरी ठेवल्यावर केसभर खाली बसली, अक्षरशः श्वास सोडावा तशी. मी आधी समजले डोळ्यांचा भास आहे, पुढच्या निगिरीला लक्ष देऊन बघितलं, परत तेच. आतल्या भातात हवा ठेवलेली असते, बाहेरून घट्ट आणि आतून मोकळा, म्हणून वजन पडलं की तो बसतो. आणि पाच-सहा हालचालींत हे होतं, मी मोजायचा प्रयत्न केला, हात दिसतच नाहीत.

दुसरं चव. मीठ, आंबट, माशाचं तेल आणि भात, कुठलंच कोणाच्या पुढे नाही. मी विचारलं कसं करता. तर तो मासा खवलं काढून, डोकं काढून, पुस्तकासारखा उघडतात, काटा काढतात, मीठ लावून ठेवतात. किती वेळ, तर मासा केवढा आहे, चरबी किती आहे, हवा कशी आहे यावर. मग धुऊन व्हिनेगरमधून काढतात, मग व्हिनेगरमध्ये ठेवतात, मग निथळून एक-दोन दिवस मुरवतात. मिठाची दहा मिनिटं इकडची तिकडे झाली तर मासा वाया. शेफ म्हणाले की नवीन दुकानात गेलो की मी आधी कोहादा बघतो, टूना चांगला असेल तर श्रेय बाजाराचं, कोहादा चांगला असेल तर श्रेय हाताचं. मला हे इतकं पटलं! आपल्याकडेही सुरमई कोणीही तळेल, पेडव्यांचं तिखलं जमलं पाहिजे.

बाकीचं भरभर सांगते. टूनाचे तीन, लाल भाग सोया सॉसमध्ये मुरवलेला, मग मधला चुतोरो, मग चरबीचा ओतोरो. ओतोरो सगळ्यांना आवडतो, मला एक पुरला. माकूल इतका बारीक चिरे पाडलेला की जिभेवर चिकटला. साबा, म्हणजे बांगड्याच्या घराण्यातला, मीठ-व्हिनेगरचा. कोळंबी समोर उकडून, सोलून, कोमट असतानाच. इकुरा म्हणजे सॅमनची अंडी, ऊनी म्हणजे सी-अर्चिन, मग आनागो म्हणजे वामेसारखा मासा, शिजवून इतका मऊ की हाताने उचलला तर तुटेल म्हणून शेफ सांभाळून ठेवतात, वर गोडसर काळा रस. शेवटी तामागो, म्हणजे अंड्याचं, पण केकसारखं. मिसो सूप. संपलं.

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आठ खुर्च्यांची जागा आहे आणि त्यांनीच विनंती केली होती. प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं उत्तर देते.

नीलाक्षी
काय सुंदर लिहिलंय ग! निगिरी श्वास सोडते ते वाचून अंगावर काटा आला. एक बाळबोध प्रश्न, भाताबद्दल काहीच लिहिलं नाहीस. सुशीत मासा महत्त्वाचा की भात? आणि वासाबी सॉसच्या डबीत कालवायची का ग, आम्ही पुण्यात मॉलमध्ये खातो तेव्हा सगळे तेच करतात.

रापण
नीलाक्षी, अग हो, भात राहिलाच आणि तिथे तर सगळे शेफ भाताबद्दलच बोलतात. भाताला शारी म्हणतात. आमच्या दुकानातला शारी पांढरा नव्हता, फिकट तपकिरी होता, कारण ते लाल व्हिनेगर वापरतात, आकाझु, साके म्हणजे तांदळाची दारू गाळल्यावर राहिलेला चोथा वर्षानुवर्षं मुरवून करतात ते. साखर जवळजवळ नाही. आणि भात गार नसतो हे मला सगळ्यात नवल वाटलं. अंगाच्या उबेएवढा कोमट. दोन तासांत दोनदा आतून नवीन भात आला, मधला जुना झाला म्हणून त्यांनी बाजूला केला.

वासाबी शेफच मासा आणि भाताच्या मध्ये लावतात आणि सॉसही ब्रशने वर लावून देतात (सोया सॉस, साके आणि मिरिन म्हणजे स्वयंपाकाची गोड दारू उकळून केलेला, निकिरी). म्हणजे समोर डबीच नसते. आलं की उचलायचं आणि खायचं, हाताने चालतं, मी सगळं हातानेच खाल्लं. वासाबी ताजं मूळ असतं, शार्कच्या कातडीच्या किसणीवर गोल गोल घासतात, तिखटपणा नाकात जातो आणि लगेच ओसरतो, मागे गोडवा राहतो. मॉलमधली हिरवी पेस्ट बहुतेक वेळा रंग दिलेली हॉर्सरॅडिश आणि मोहरी असते.

दुभाषी
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. मी पुण्यात जपानी शिकून गेली पंधरा वर्षं दुभाषाचं काम करतोय, पाहुण्यांना घेऊन अशा काउंटरवर कामानिमित्त बऱ्याचदा जावं लागतं, त्यामुळे थोडी भर घालतो.

ओमाकासे हा शब्द माकासेरु या क्रियापदावरून, म्हणजे एखाद्यावर सोपवणं. 'ओ' आदराचा. म्हणजे 'तुमच्यावर सोडलं'. घरी आजीला जसं म्हणतो, तू वाढशील ते. फक्त इथे सोपवलं की आपल्याकडूनही काही अपेक्षा असतात आणि त्या कोणी पाटीवर लिहून ठेवत नाही, म्हणून लिहितो.

वेळेवर जा. सगळ्या खुर्च्यांना एकदम सुरुवात होते, तुम्ही वीस मिनिटं उशिरा आलात तर सात अनोळखी लोकांचा भात गार होतो. अत्तर, सेंट, वासाचं तेल अजिबात नको. एकदा आमचे एक पाहुणे भरपूर सेंट मारून आले होते, दाराशीच मालकांनी मला बाजूला घेऊन हात जोडून सांगितलं की आज यांना घेऊ शकत नाही, पैसे परत करतो. मला फार वाईट वाटलं पण चूक आमची होती, मी आधी सांगायला हवं होतं. फोटो काढायचा तर विचारून. निगिरी समोर आली की गप्पा थांबवून आधी खा, तो भात तुमच्यासाठी त्या क्षणाच्या उबेचा केलेला असतो.

आणि एक भाषेचं. आपण जपानी शिकलेले लोक उत्साहाने तिथले खास शब्द वापरतो, चहाला आगारी, सॉसला मुरासाकी, बिलाला ओआइसो. हे दुकानातल्या माणसांचे आपसातले शब्द आहेत, गिऱ्हाइकाने ओचा, शोयू आणि ओकाइकेई म्हणावं. ओआइसो तर मालकाने 'आमच्याकडून काही कमी राहिलं असेल' अशा अर्थाने म्हणायचा शब्द, तो आपण म्हणणं बरं दिसत नाही. शेफना ताइशो म्हणा, चालतं. टीप नाही, निघताना 'गोचिसोसामा देशिता', म्हणजे जेवणाबद्दल आभार, असं म्हणा, मनापासून म्हणा, ते दारापर्यंत येतात.

शिरगाव
मी रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकलो, त्यामुळे चार दिवसांच्या हिरामेवर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रापणताई, तुमची आई आणि तो शेफ दोघंही बरोबर आहेत. आपल्याकडे मासा जाळ्यात तडफडून मरतो, मग बोटीवर ढिगात, मग बर्फ. तडफडण्यात त्याच्या स्नायूंतली ऊर्जा संपते, मासा लवकर ताठरतो आणि लवकर सैल पडतो. अशा माशाला तासागणिक उतार लागतो, म्हणून तो तासाभरात तव्यावर गेलाच पाहिजे. जपानमध्ये चांगल्या माशाला इकेजिमे करतात, डोक्यात एकच घाव घालून मेंदू निकामी, मग रक्त काढून टाकतात, पुष्कळदा कण्यातून बारीक तार घालून मज्जारज्जूही. स्नायूतलं एटीपी, म्हणजे ऊर्जा साठवणारं रसायन, तसंच शिल्लक राहतं आणि थंडीत सावकाश मोडत जाऊन त्याचं इनोसिनेट होतं. तीच ती गिळल्यावरही राहणारी चव. त्याला उमामी म्हणतात, किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळामधून ग्लुटामेट वेगळं काढून ही चव दाखवून दिली आणि १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या कात्सुओ माशामधलं इनोसिनेट दाखवलं. दोन्ही एकत्र आली की चव कितीतरी पटीने वाढते, म्हणून तर पांढरा मासा कोम्बूच्या पानांत गुंडाळून ठेवायची पद्धत आहे.

यावरून एक कळकळीची विनंती. हे वाचून कोणी बाजारातली सुरमई फ्रिजमध्ये चार दिवस ठेवून कच्ची खाऊ नका. आपला मासा त्या साखळीतून आलेला नसतो. शिवाय अनिसाकिस नावाचा कृमी असतो, साबा, माकूल यांत हमखास सापडतो, व्हिनेगरने मरत नाही, मिठाने मरत नाही, वासाबीने तर नाहीच. नीट गोठवणं किंवा शिजवणं हेच उपाय. तिथला शेफ प्रत्येक तुकडा उजेडात बघून कापतो ते उगाच नाही. गोड्या पाण्यातला मासा तर कच्चा खायचाच नाही.

जुना_आंबेमोहोर
छान चर्चा. भाताबद्दल मीही थोडं टाकतो, आमचा तांदळाचा व्यापार आहे, मावळात. जपानी सुशीवाले पुष्कळजण नव्या तांदळापेक्षा मागच्या वर्षीचा तांदूळ पसंत करतात किंवा दोन्ही मिसळतात, कारण नव्यात ओल जास्त असते, भात चिकट होतो आणि व्हिनेगर आत शिरत नाही. हे ऐकलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. आमच्याकडे आजोबा म्हणायचे नवा तांदूळ पेजेला, जुना पंगतीला.

रापण
शिरगाव, तुमच्या प्रतिसादाने माझी चार महिन्यांची रुखरुख गेली. आईला फोनवर वाचून दाखवते.

इतिहासाची_पाने
मुळात सुशी ही हातगाडीवरची गोष्ट होती हे इथे यायला हवं. फार जुना प्रकार म्हणजे मासा मीठ लावून भातात महिनोन्‌महिने आंबवून ठेवायचा, भात टाकून द्यायचा आणि मासा खायचा. बिवा सरोवराच्या काठी शिगा भागात फुनाझुशी अजून करतात, वास जबरदस्त. मग आंबायची वाट बघण्याऐवजी भातातच व्हिनेगर घालायची युक्ती आली. १८२० च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, हानाया योहेई यांचं नाव हाताने वळलेल्या निगिरीशी जोडलं जातं. त्या काळात निगिरी आताच्यापेक्षा बरीच मोठी, दोन-तीन घासांची, गाडीवर उभ्याने खायची, कामावरून घरी जाताना. बर्फ नव्हता, म्हणून मासा मिठात, व्हिनेगरमध्ये, सोया सॉसमध्ये मुरवायचा किंवा शिजवायचा. म्हणजे रापण यांनी लिहिलेलं ते शिगोतो मासा टिकवायच्या गरजेतून आलंय, आता फ्रिज आले तरी चवीसाठी ठेवलंय. लाल व्हिनेगरचंही तसंच, आइची भागातल्या हांदा गावात नाकानो माताझाएमोन यांनी १८०४ मध्ये साकेच्या चोथ्यापासून व्हिनेगर करायला घेतलं, तांदळाच्या व्हिनेगरपेक्षा स्वस्त पडायचं म्हणून एदोच्या सुशीवाल्यांनी उचललं. आज तीच कंपनी मिझकान.

ओतोरो तर तेव्हा कोणी खायचं नाही. चरबी लवकर खराब व्हायची, टाकून द्यायचे. आज टूनाचा लिलाव बातमीत येतो, जानेवारी २०१९ मध्ये टोकियोच्या तोयोसू मासळीबाजारात २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला.

१९२३ च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झालं आणि तिथले सुशी कारागीर आपापल्या गावी गेले, त्यांच्याबरोबर एदोची सुशी देशभर पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये धान्याच्या टंचाईमुळे हॉटेलं बंद केली गेली, तेव्हा सुशीवाल्यांनी मार्ग काढला की गिऱ्हाइकाने स्वतःचा तांदूळ आणायचा आणि त्या मापात दहा सुशी वळून घ्यायच्या, आम्ही फक्त मजुरी घेतो. आपल्याकडे गिरणीत दळण नेतो तसं. आज एका माणसाची ताटली दहाच्या आसपास असते ती तिथून.

भटका_शाकाहारी
धागा आवडला पण मन खट्टू झालं. मी शुद्ध शाकाहारी, एप्रिलमध्ये जपानला जातोय, माझ्यासारख्याने अशा काउंटरचा अनुभव घ्यावा का? त्यांना आधी सांगून शाकाहारी ओमाकासे मिळेल का? राग मानू नका, खरंच विचारतोय.

दुभाषी
राग कसला. स्पष्ट सांगतो, अशा काउंटरवर जाऊ नका. त्यांची सगळी विद्या माशाची आहे, सूप, अंडं, सॉस, अगदी भाज्यांच्या पदार्थातही दाशी असते आणि तिथली दाशी म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क. तुमच्यासाठी काकडीचे आणि कानप्यो म्हणजे सुकवलेल्या भोपळ्याचे रोल करतील, पण तुम्हालाही समाधान नाही आणि त्यांनाही वाटत राहतं की पाहुण्याला नीट वाढता आलं नाही. त्याऐवजी शोजिन र्‍योरी घ्या, बौद्ध मठांचं शाकाहारी जेवण. कोयासानला मठात मुक्काम करता येतो, रात्रीचं जेवण त्याच पद्धतीचं. दाशी कोम्बू आणि शिताके मशरूमची, तिळाचं तोफू, युबा म्हणजे सोया दुधावरची साय. तिथेही मेनू नसतो, तेही तुम्ही सोपवूनच बसता. तरी बुकिंग करताना दाशी माशाची नाही ना हे विचारून घ्या.

भटका_शाकाहारी
मनापासून धन्यवाद. कोयासान नोंदवून ठेवलं.

साधासुधा
सगळ्यांचं कौतुक चाललंय तर एक वेगळा सूर लावतो. दोन माणसांच्या एका जेवणाला ७०,००० येन, मला पटत नाही. मीही ओसाकाला तीन वर्षं होतो. फिरत्या पट्ट्याची सुशी तिथलीच, १९५८ मध्ये हिगाशी ओसाकात योशिआकी शिराइशी यांनी बिअरच्या कारखान्यातला पट्टा बघून सुरू केली, कारण साध्या कामगाराला सुशी परवडावी. ती मला खरी वाटते. हातगाडीवरचं खाणं होतं असं वरच लिहिलंय, मग ते तळघरात नेऊन आठ माणसांपुरतं करणं हे चांगलं झालं का? शिवाय ब्लूफिन टूना खाऊन संपवत आणलाय.

रापण
साधासुधा, तुमचं म्हणणं मनाला लागलं, कारण आम्हीही दहा वर्षांतून एकदा गेलो, दरवर्षी जाणारी माणसं आम्ही नाही. पैसे जास्त आहेत हे खरंच. पण मी तिथे हिशेब केला. आठ खुर्च्या, रात्री दोन पाळ्या, शेफ आणि दोन शिकाऊ मुलं. सकाळी तोयोसूच्या बाजारात, मग दिवसभर मीठ, व्हिनेगर, काटे, भात. त्यातला एक मुलगा पाच वर्षं आहे आणि अजून गिऱ्हाइकासाठी निगिरी वळत नाही, तो त्या रात्री फक्त कोळंबी सोलत होता आणि किती लक्ष देऊन सोलत होता! मला आमच्या गावच्या होडी बांधणाऱ्यांची आठवण झाली, तीही माणसं अशीच वर्षानुवर्षं एका फळीवर. त्यांना कोणी नीट पैसे दिले नाहीत म्हणून आता ती विद्या आमच्याकडे जवळजवळ संपली. त्यामुळे इथे कोणी देतंय तर मला ते वाईट वाटत नाही.

आणि पट्ट्यावरची सुशी मलाही आवडते, मुलं तिथेच सुशी खायला शिकली.

शिरगाव
टूनाबद्दल. पॅसिफिक ब्लूफिन फार वाईट अवस्थेत गेला होता ही गोष्ट खरी, २०१० च्या सुमारास प्रौढ माशांचा साठा मूळच्या दोन-तीन टक्क्यांवर आला होता. मग देशांनी मिळून कोटा ठरवला, छोटे मासे पकडण्यावर कडक बंधनं आली आणि साठा वीस टक्क्यांवर नेण्याचं जे उद्दिष्ट २०३४ पर्यंतचं होतं ते दशकाहून जास्त आधी गाठलं गेलं. मत्स्यव्यवसायात अशी चांगली बातमी फार क्वचित मिळते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तीसुद्धा नीट पाळली तर काय होऊ शकतं याचा हा पुरावा समजा.

साधासुधा
हे मला माहीत नव्हतं. माहितीबद्दल आभार. पैशाचं माझं मत तेच आहे पण टूनाबद्दलचं मागे घेतो.

कांदेपोहे
बुकिंगचं कोणी सांगेल का? आम्ही ऑक्टोबरमध्ये येतोय. ओबामा गेले होते त्याच दुकानात मिळेल का?

दुभाषी
ते सुकियाबाशी जिरो. ओबामा आणि जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे २३ एप्रिल २०१४ ला तिथे जेवले. तिथले शेफ जिरो ओनो यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९२५ चा, म्हणजे २०२५ मध्ये शंभरी झाली. गिन्झात मेट्रो स्टेशनला लागून तळघरात दहा खुर्च्या. मिशेलिन या हॉटेलांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेने २००७ पासून तीन तारे दिले होते, २०१९ मध्ये यादीतून काढलं, चव घसरली म्हणून नाही, सर्वसामान्यांना बुकिंगच मिळत नाही म्हणून. त्यामुळे त्याचा नाद सोडा.

चांगली दुकानं अजून शेकड्याने आहेत. टेबलचेक, ओमाकासे अशा साइटवर काहींची बुकिंगं ठरावीक तारखेला उघडतात, ती वेळ गाठायची. बऱ्या हॉटेलात उतरणार असाल तर तिथल्या कॉन्सिएर्जला दीड-दोन महिने आधी ईमेल करा, परदेशी पाहुण्यांचं थेट बुकिंग न घेणारी दुकानंही हॉटेलकडून आलेलं घेतात. ॲलर्जी, न चालणारे पदार्थ त्याच ईमेलमध्ये, आयत्या वेळी नको, कारण मासा सकाळी तुमच्या नावाने घेतलेला असतो. रद्द केलंत तर आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पूर्ण पैसे कापतात.

पहिल्यांदाच जाताय तर दुपारचं बघा, काही ठिकाणी दुपारी निम्म्या पैशांत होतं. नाहीतर उभ्याने खायची सुशी, ताचिगुई, समोर शेफ, चार-सहा तुकडे खाऊन बाहेर. आवडलं तर मग मोठ्या काउंटरवर जा. सॅमन मागू नका मात्र, एदोच्या पारंपरिक काउंटरवर तो नसतो. कच्चा सॅमन सुशीत आला तोच १९८० च्या दशकात नॉर्वेच्या प्रयत्नांनी.

नीलाक्षी
रापण, परत जाणार का ग?

रापण
हो! आणि यावेळी ऑगस्टमध्ये. कोहादाचं नाव त्याच्या वयाप्रमाणे बदलतं, अगदी पिल्लू असतं त्याला शिंको म्हणतात, मग कोहादा, मग नाकाझुमी, मोठा झाला की कोनोशिरो. शिंको उन्हाळ्यात थोडेच दिवस येतो, बोटाएवढा, एका निगिरीवर तीन-चार मासे एकावर एक लावावे लागतात आणि मीठ लावायची वेळ मिनिटांवर येते. पहिल्या आठवड्यात त्याचा भाव टूनापेक्षा चढतो आणि मोठा झाला की कोणी विचारत नाही. शेफ म्हणाले होते, शिंकोला या.

आणि आई तेव्हा इथे असणार आहे. ती कच्चं खाणार नाही हे मी दुकानाला आत्ताच कळवलं. ते म्हणाले काही अडचण नाही, एदोच्या पद्धतीत शिजवलेलं भरपूर असतं, कोळंबी, आनागो, शिंपल्यांतला हामागुरी, तामागो, शिवाय मुरवलेलं. काल आईला फोनवर हे सगळं सांगितलं, शिरगावांचा प्रतिसादही वाचून दाखवला. ती सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, बरां, येतंय मी, पण त्येका आधी इचार, सुंगटां (म्हणजे कोळंबी) किती येळ उकडता.

मी विचारलं. केवढी आहेत त्यावर, म्हणाले.